नळी अजून का आहे?

प्रश्न: सांगली जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावातून एका सूनबाईंचं पत्र आलं आहे. सासरे ७६ वर्षांचे. अकरा महिन्यांपूर्वी अंगणात पडून खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, तेव्हा लघवीची नळी घातली. चौथ्या दिवशी काढून पाहिली तर लघवी अडली. मग पुन्हा घातली आणि ‘घरी गेल्यावर बघू’ असं सांगून घरी पाठवलं. सोनोग्राफीत प्रोस्टेट (पुरुषांच्या मूत्राशयाच्या तोंडाशी असणारी ग्रंथी) वाढल्याचं लिहिलं आहे. आता ते वॉकर धरून संडासपर्यंत जातात, पण नळी तशीच आहे. ओळखीचे कंपाउंडर दर महिन्याला घरी येऊन ती बदलतात. गेल्या दोन वेळा नळी सतरा-अठराव्या दिवशीच तुंबली आणि बाजूनं लघवी गळू लागली, म्हणून १६ नंबरऐवजी १८ नंबरची घातली. तरी गळतेच. तपासणीत दर वेळी ‘पस सेल (पू-पेशी) भरपूर’ येतात. सहा महिन्यांत अँटिबायोटिकचे चार कोर्स झाले, शेवटच्या वेळी जुलाब लागले. मूत्राशयाची सवय जाऊ नये म्हणून शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून दिवसा तीन-तीन तास नळीला चिमटा लावतात. बॅग रोज डेटॉलनं धुतात. मध्यंतरी बॅगेतली लघवी चक्क जांभळी झाली आणि सासूबाई घाबरल्या. त्यांचे प्रश्न असे: आमच्या स्वच्छतेत काही कमी पडतं आहे का? हे इन्फेक्शन कायमचं कसं घालवायचं? आणि मूत्राशय आता निकामी झालं असेल का?

उत्तर:

तुमच्या पत्रात एक वाक्य ओघात येऊन गेलं आहे, सासरे वॉकर धरून संडासपर्यंत जातात हे. माझ्या दृष्टीनं पत्रातली सर्वात महत्त्वाची गोष्ट तीच. स्वतःच्या पायांनी संडासपर्यंत जाणाऱ्या माणसाला अकरा महिने नळी का लागते आहे? इन्फेक्शनबद्दल विचारलंत, त्याचं उत्तर देतेच. पण नळी अजून का आहे, हे कुणी विचारलंच नाही असं दिसतं, आणि बाकीचे त्रास बरेचसे तिथूनच आले आहेत.

चौथ्या दिवशी लघवी अडली, म्हणून ‘नळीशिवाय यांना होतच नाही’ असं घरात ठरून गेलं. तो चौथा दिवस कसा होता ते आठवा. भूल नुकतीच उतरलेली, दुखणं थांबवायला जोरदार गोळ्या, दिवसभर उताणं पडून राहणं, शौचाला झालेली नसणं आणि त्यात आधीपासून वाढलेलं प्रोस्टेट. अशा वेळी या वयाच्या पुष्कळ पुरुषांची लघवी अडते. तो निकाल त्या दिवसापुरता होता. आता हाड जुळलं, ते उठून चालतात, त्या गोळ्या बंद आहेत. पण हाडाच्या डॉक्टरांनी नळी घातली, कंपाउंडर ती बदलत राहिले आणि काढायची कधी हे ठरवणारं मध्ये कुणीच उरलं नाही. घातल्याची तारीख कागदावर असते, काढायची तारीख कुणी लिहीतच नाही. यात तुमची चूक नाही.

नळी काढण्याकडे येण्याआधी आज रात्रीचं काम. तो चिमटा काढून टाका. नळी बंद ठेवून मूत्राशयाला ‘व्यायाम’ देण्याची पद्धत जुनी आहे, पण तिचा फायदा अभ्यासांत दिसलेला नाही. नळी काढल्यावर आपली आपण लघवी होण्याची शक्यता त्यामुळे वाढत नाही. धोका मात्र खरा आहे. महिनोन्‌महिने नळी असलेल्या मूत्राशयात जंतू असतातच. चिमटा लावून तिथं लघवी कोंडली की दाब वाढतो, बाजूनं गळतं आणि जंतूंसकट ती लघवी मूत्रपिंडाकडे चढू शकते. दुपारी डोळा लागला आणि चिमटा तसाच राहिला, तर थंडी वाजून ताप भरायला एक दुपार पुरते. नळीच्या टोकाला छोटा नळ बसवून ठरावीक वेळानं उघडण्याची सोय असते खरी, पण मूत्राशय आणि मूत्रपिंडं तपासून डॉक्टरांनीच ती सुचवायची असते.

आता जंतूंचं. पाण्याच्या पाइपाला आतून शेवाळ धरतं, तसा नळीच्या आतबाहेर जंतूंचा चिकट थर चढतो. नळी घातल्यापासून दर दिवशी साधारण ३ ते ७ टक्के लोकांच्या लघवीत जंतू दिसू लागतात आणि महिनाभरात जवळजवळ सगळ्यांच्याच. कितीही स्वच्छता ठेवली तरी हे होतं. तेव्हा ‘आमचंच काही कमी पडतं’ हा विचार मनातून काढून टाका. अँटिबायोटिकचा त्या थरावर फारसा इलाज चालत नाही. औषध थांबलं की जंतू पुन्हा वाढतात आणि या वेळी जे उरतात ते त्या औषधाला न जुमानणारे असतात. चार कोर्सनंतर खरंच गरज पडेल तेव्हा कुठलं औषध लागू पडेल, ही काळजी आहेच. शिवाय जुलाब. अँटिबायोटिकनंतरचे जुलाब या वयात गंभीर होऊ शकतात, म्हणून शौच अजून पातळ असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा.

पस सेल, लघवीचा वास, गढूळपणा, कल्चरमध्ये (लघवीतले जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत) जंतू सापडणं, यांपैकी काहीही असलं पण त्रास नसला तर नळीवाल्या माणसाला औषध द्यायचं नसतं. औषध लागतं ते लक्षणांवर: थंडी वाजून ताप, कमरेच्या वरच्या बाजूला पाठीत दुखणं, ओटीपोटात नव्यानं दुखणं, लघवीत नव्यानं रक्त येणं, अंडकोष सुजून दुखणं, किंवा कालपर्यंत नीट बोलणारा माणूस आज भ्रमिष्टासारखं बोलू लागणं किंवा गळून पडणं. वय झालेल्या माणसात ताप न येताही इन्फेक्शन असू शकतं, पण असा अचानक बदल दिसला की बाकीची कारणंही डॉक्टरांनी पाहायची असतात. ‘लघवीत पस आहे’ एवढ्यावर थांबायचं नाही. खरंच इन्फेक्शन आहे असं वाटलं आणि नळी दोन आठवड्यांहून जुनी असेल, तर क्रम असा हवा: आधी नळी बदलायची, नव्या नळीतून आलेली लघवी कल्चरला पाठवायची, मग पहिला डोस. बॅगेच्या तोटीतून काढलेल्या नमुन्याचं कल्चर कितीही करा, त्यात बॅगेतच वाढलेले जंतू सापडतात. औषधाला लवकर गुण आला तर सहसा सात दिवस पुरतात. उशीर लागला तर दहा ते चौदा. आणि बरं वाटतं आहे, लक्षण काही नाही, तर दर महिन्याला लघवी तपासायलाच पाठवू नका. रिपोर्ट आला की औषधाचा मोह होतो.

जांभळ्या लघवीचं सासूबाईंना समजावून सांगा. शौच साचून राहिली की आतड्यातल्या जंतूंमुळे अन्नातल्या एका घटकाचं रूपांतर होतं, ते लघवीत उतरतं आणि नळीतले काही जंतू त्यापासून निळा आणि लाल असे दोन रंग बनवतात. दोन्ही मिळून बॅग जांभळी दिसते. दिसायला भयंकर, पण तो रंग स्वतः काही इजा करत नाही. नळी आणि बॅग बदला आणि पोट साफ राहील असं पाहा.

तुंबणं आणि गळणं यांचा विचार मात्र मी जास्त गांभीर्यानं करेन. लघवीतल्या काही जंतूंना, विशेषतः प्रोटिअस नावाच्या जंतूला, युरिया फोडता येतो. त्यातून अमोनिया सुटतो, लघवी अल्कधर्मी होते आणि तिच्यातले क्षार स्फटिक होऊन नळीच्या टोकावर, छिद्रावर आणि नळी आत अडकवून ठेवणाऱ्या फुग्यावर चुन्यासारखे बसतात. बोअरच्या पाण्यानं नळाला खपली धरते, अगदी तसे. छिद्र बुजलं की लघवीला वाट उरत नाही, मग ती नळीच्या बाजूनं येते. इथं जाड नळी घालून उपयोग होत नाही. १८ नंबरनं मूत्रमार्गावर दाब येतो, मूत्राशय चिडून आवळतं आणि गळणं उलट वाढतं. नेहमीच्या वापराला पुरुषांना १४ किंवा १६ नंबर पुरतो. १४ म्हणजे बाहेरून सुमारे पावणेपाच मिलिमीटर, १६ म्हणजे सव्वापाच, १८ म्हणजे सहा. पाकिटावरचा नंबर बघायचा राहिला तर नळीच्या फुगा भरायच्या तोटीचा रंग पाहा: १४ हिरवी, १६ नारिंगी, १८ लाल.

पुढच्या वेळी नळी काढली की लगेच फेकू नका. टोक कात्रीनं उभं चिरून आत पाहा, बोटांमध्ये चोळून पाहा. वाळूसारखी कचकच लागली तर कारण कळलंच. मग एका वहीत तीन-चार नळ्यांच्या तारखा लिहा: घातली कधी, तुंबली कधी. सतराव्या दिवशी तुंबणारी नळी महिन्याची वाट न पाहता चौदाव्या दिवशी बदलायची, म्हणजे रात्री दोन वाजता धावपळ होणार नाही. आणि एक सोनोग्राफी करून घ्या, मूत्राशयात खडा आहे का हे पाहायला. वारंवार तुंबणाऱ्या नळीमागे पुष्कळदा खडा असतो. त्या खड्यात जंतू घर करून राहतात, म्हणून तो काढेपर्यंत कितीही नळ्या बदला, कितीही औषधं द्या, फरक पडत नाही.

पाणी दिवसाला दीड ते दोन लिटर, सगळं मिळून, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असल्यामुळे डॉक्टरांनी कमी सांगितलं नसेल तर. लघवी फिकट पिवळी दिसली पाहिजे. लिंबू सरबत चालेल. लिंबातल्या सायट्रेटमुळे स्फटिक उशिरा धरतात, मात्र मधुमेह असेल तर साखर नको. लघवीच्या जळजळीवर मेडिकलमधून सर्रास आणलं जाणारं अल्कलायझर सिरप मात्र स्वतःहून देऊ नका. नळीवर बसणारे क्षार अल्कधर्मी लघवीतच धरतात, आणि त्या सिरपमध्ये सोडियम असतं, जे हृदयाच्या किंवा रक्तदाबाच्या रुग्णाला नको असतं.

गळण्याचं दुसरं नेहमीचं कारण बद्धकोष्ठ. भरलेलं आतडं नळीला दाबतं आणि मूत्राशयाला चिडवतं. नळी तुंबलेली नाही, पिळलेली नाही, मांडीखाली दबलेली नाही, पोट साफ आहे आणि तरी गळतं, तेव्हा मूत्राशय आवळण्यावर गोळ्या असतात. त्यातल्या जुन्या गोळ्यांनी म्हाताऱ्या माणसाला बद्धकोष्ठ होतं, तोंड कोरडं पडतं, कधी भ्रमही होतो, आणि नळी काढून पाहायची असेल तर त्या आधी थांबवाव्या लागतात. त्यामुळे त्या यूरोलॉजिस्टच्या (मूत्रविकारतज्ज्ञाच्या) सल्ल्यानंच.

कंपाउंडरदादांचा हात चांगला असेल, याबद्दल शंका नाही. तरी नळी बदलताना काही गोष्टी तुमच्या समोर होतात का ते पाहा. पाकीट तिथंच फोडलेलं असावं, हातमोजे निर्जंतुक असावेत. मूत्रमार्गात सुन्न करणारी लिग्नोकेन जेली दहा-पंधरा मिली सोडून तीन ते पाच मिनिटं थांबावं. ही थांबण्याची मिनिटं घाईत वगळली जातात आणि म्हातारी माणसं विनाकारण कळा सोसतात. पुरुषाची नळी, बाहेरच्या टोकाशी तिला दोन तोंडं फुटतात त्या फाट्यापर्यंत आत गेली पाहिजे आणि लघवी आली पाहिजे, त्यानंतरच फुगा भरायचा. नळी अर्धवट असताना फुगा भरला तर तो मूत्रमार्गातच फुगतो, आतून फाटतं, रक्त येतं आणि पुढे मार्ग आकुंचतो. भरताना कळ आली तर तिथंच थांबायचं. फुग्यात पाकिटावर छापलेलं माप, बहुधा दहा मिली, आणि भरायचं ते निर्जंतुक पाणी. सलाइनचे स्फटिक होऊन फुगा रिकामा करायची वाट बंद होऊ शकते. नळी काढताना सिरिंज लावून पाणी आपोआप येऊ द्यायचं, दट्ट्या जोरात ओढायचा नाही. फुगा रिकामा होत नसेल तर नळी ओढू नका आणि कापूही नका, तशीच दवाखान्यात न्या.

शेवटी, लिंगाची पुढची कातडी मागे सरकवली असेल तर ती पुन्हा पुढे आणायलाच हवी. ती मागे राहिली तर काही तासांत पट्टा आवळल्यासारखी सूज येते. ही चूक फार साधी आहे आणि तिच्यासाठी कधी कधी शस्त्रक्रिया करावी लागते.

साध्या लॅटेक्सच्या, वरून सिलिकॉनचा लेप दिलेल्या नळ्या दोन ते चार आठवड्यांच्या. पूर्ण सिलिकॉनची नळी बारा आठवड्यांपर्यंत चालते, महाग असते, पण त्याच नंबरात तिचा आतला मार्ग रुंद असतो, त्यामुळे क्षार धरणाऱ्यांना बरी पडते. तिच्या फुग्यातलं पाणी आठवड्यांनी थोडं कमी होतं, म्हणून बाहेर दिसणारी नळी लांब वाटू लागली तर लक्ष द्या. तुमच्याकडे नळी सतराव्या दिवशी तुंबते आहे, तोवर बारा आठवड्यांचा हिशोब धरू नका.

डेटॉल बंद. बॅग आतून धुवायची नाही, आणि नळीचा व बॅगेचा सांधा रोज उघडायचाही नाही, कारण दर उघडण्यात जंतूंना वाट मिळते. बॅग दोन-तृतीयांश भरली की खालच्या तोटीतून रिकामी करा, आधी आणि नंतर हात साबणानं धुवा, पाच ते सात दिवसांनी नवी बॅग लावा. बॅग नेहमी मूत्राशयाच्या खाली, पण जमिनीला न टेकता, स्टँडवर किंवा पलंगाच्या दांडीला. वॉकरला बांधून चालताना ती कमरेच्या वर जाणार नाही हे पाहा. लिंगाच्या टोकाला रोज अंघोळीच्या वेळी साबण-पाणी पुरे, मलम किंवा बेटाडिन रोज लागत नाही. आणि नळी मांडीला किंवा ओटीपोटाला पट्टीनं सैलसर बांधलेली हवी. बांधलेली नसली तर बॅगेचं वजन दिवसभर मूत्रमार्ग ओढत राहतं आणि महिन्यांनी लिंगाची खालची बाजू चिरत जाते. त्या जागी लाल रेघ किंवा चीर दिसते का, आठवड्यातून एकदा पाहा.

आता नळी काढण्याकडे. सासऱ्यांना यूरोलॉजिस्टकडे न्या आणि सरळ विचारा, नळी काढून बघायची का? सोनोग्राफी, रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कसं चाललं आहे ते दाखवणारी तपासणी) आणि साखर आधी झालेली असावी. प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन किंवा अल्फुझोसिन या जातीची गोळी साधारण दोन-तीन दिवस आधी सुरू करतात. त्यामुळे मूत्राशयाच्या तोंडाचे स्नायू सैल पडतात आणि आपली आपण लघवी होण्याची शक्यता वाढते. पण या गोळीनं उठताना रक्तदाब उतरून चक्कर येऊ शकते, आणि तुमचे सासरे आधीच एकदा पडले आहेत. त्यामुळे गोळी रात्री जेवणानंतर, आणि रात्री उठताना आधी पलंगाच्या काठावर पाय सोडून दोन मिनिटं बसायचं. पुढे मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं तर डोळ्याच्या डॉक्टरांना ही गोळी चालू असल्याचं किंवा पूर्वी घेतल्याचं सांगा. तिच्यामुळे ऑपरेशनच्या वेळी डोळ्यातला रंगीत पडदा लुळा पडू शकतो.

घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवा. सर्दीच्या साध्या गोळ्या, झोपेसाठी किंवा नसांच्या दुखण्यासाठी दिलेली अमिट्रिप्टिलिन, यांनी लघवी अडते. नळी काढून बघण्याच्या आठवड्यात पोट साफ हवं, नाहीतर चौथ्या दिवसाचीच पुनरावृत्ती.

नळी सकाळी लवकर काढायची, दवाखान्यात, म्हणजे पुढचा दिवस हाताशी असतो. नेहमीसारखं पाणी प्यायचं, एकदम दोन तांबे नाही. पुरुषांनी जमेल तर उभं राहून लघवी करावी, वॉकर पुढे असला तरी चालेल. दर वेळी मापाच्या भांड्यात मोजायची. दोन-तीनदा झाली की सोनोग्राफीनं मागे किती उरली ते पाहतात. उरलेली साधारण दीडशे-दोनशे मिलीच्या आत असेल तर बहुतेक डॉक्टर घरी पाठवतात. चार ते सहा तासांत अजिबात झाली नाही, किंवा ओटीपोट तट्ट फुगून कळा येऊ लागल्या, तर नळी परत घालायची. पहिले काही दिवस घाईची लागेल, थोडी निसटेल, चुरचुरेल. मूत्राशय अकरा महिने बहुतेक वेळ रिकामंच राहिलं आहे, त्याला पुन्हा भरायची सवय व्हायला वेळ लागतो. त्या दिवसांसाठी पलंगाजवळ युरिन पॉट आणि रात्री डायपर ठेवा. अंथरूण दोनदा ओलं झालं म्हणून कुणी ‘नळीच बरी होती’ असं म्हणू नये, हे घरात आधीच बोलून ठेवा.

मूत्राशय निकामी झालं का, याचं उत्तर इथूनच मिळेल. वर्षानुवर्षं नळी राहिली तर ते आकुंचतं, हे खरं. पण प्रोस्टेटमुळे अडलेलं मूत्राशय पुष्कळदा पुरेसं कामाचं असतं, फक्त वाट बंद असते. चाचणी फसली तर मूत्राशयात दाब किती निर्माण होतो ते मोजण्याची यूरोडायनॅमिक तपासणी असते. मधुमेह जुना असेल तर ती आवर्जून करतात, कारण त्यात मूत्राशयाच्या नसाच मंद झालेल्या असू शकतात.

जोर आहे आणि अडथळा प्रोस्टेटचा आहे असं निघालं, तर दुर्बिणीतून प्रोस्टेटचं ऑपरेशन हा सरळ मार्ग. ‘वय झालं, ऑपरेशन नको’ हे वाक्य घरात किंवा दवाखान्यात ऐकायला मिळेल. वय एकटं कारण होत नाही. खुब्याचं ऑपरेशन सोसलेल्या माणसाचं हृदय, फुप्फुसं, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या तपासून भूलतज्ज्ञांना ठरवू द्या. वर्षानुवर्षं नळी ठेवण्यालाही धोका आहे, आणि तोही तराजूच्या पारड्यात टाकायला हवा.

जोर नसेल किंवा ऑपरेशन नको असेल, तर दिवसातून चार-पाच वेळा बारीक साधी नळी घालून लघवी काढून टाकायची आणि नळी लगेच बाहेर. याला फुगा नाही, बॅग नाही. निर्जंतुक सोहळाही लागत नाही, साबणानं धुतलेले हात पुरतात. जॅक लॅपिडेस या अमेरिकी यूरोलॉजिस्टनी १९७२ मध्ये हे दाखवून दिलं: मूत्राशय ताणून भरू न देणं हे काटेकोर निर्जंतुकपणापेक्षा जास्त मोलाचं. पुरुषांसाठी १२ किंवा १४ नंबरची नेलाटॉन नळी, भरपूर जेली, लिंग वरच्या दिशेला धरून हळूहळू आत, लघवी आली की आणखी दोन-तीन सेंटिमीटर, धार थांबली की सावकाश बाहेर. एका वेळी चारशे-पाचशे मिलीहून जास्त निघत असेल तर वेळा वाढवायच्या. सिस्टरकडून दोन-तीनदा हाताखाली शिकून घ्यावं लागतं. सासऱ्यांची नजर आणि बोटं ठीक असतील तर हे त्यांनी स्वतः करावं, नाहीतर तुमच्या यजमानांनी शिकावं. तुम्ही एवढं सगळं करताच, पण सासऱ्यांना सुनेकडून हे करून घेताना काय वाटेल याचाही विचार व्हायला हवा.

फुग्याची नळी ठेवायचीच वेळ आली तर ओटीपोटातून घालण्याचा मार्ग आहे. जंतू तिथंही होतात आणि तुंबतेही, पण मूत्रमार्ग आणि प्रोस्टेट सुटतात आणि बदलणं सोपं जातं. घालताना आतड्याला इजा होण्याचा थोडा धोका असतो. पहिली बदली तज्ज्ञांकडे, साधारण चार ते सहा आठवड्यांनी, वाट पक्की झाल्यावर. ती निसटली तर भोक काही तासांत बुजू लागतं, त्यामुळे लगेच निघायचं. निरोधसारखी वरून चढवायची नळी तुमच्या कामाची नाही. ती लघवी होणाऱ्या पण न थांबणाऱ्या माणसासाठी असते, तुंबलेल्यासाठी नाही. आणि ती वापरणाऱ्यांनी सुतळी किंवा चिकटपट्टी गोल आवळून बांधू नये, कातडी मरते.

हे वाचणाऱ्यांपैकी काहींच्या घरी मणक्याची इजा झालेलं माणूस असेल. इजा छातीच्या सहाव्या मणक्यात किंवा त्याच्या वर असेल तर तुंबलेली नळी जिवावर बेतू शकते: रक्तदाब एकदम चढतो, डोकं फुटल्यासारखं दुखतं, चेहरा लाल, घाम. माणसाला ताठ बसवा, नळी कुठं पिळली-दबली आहे ते पाहा, सुटत नसेल तर वेळ न घालवता दवाखाना. ज्यांना दहा-दहा वर्षं नळी आहे त्यांच्यात मूत्राशयाच्या कर्करोगाचं प्रमाण वाढतं, म्हणून नव्यानं रक्त आलं तर ‘नळी घासली असेल’ म्हणून सोडू नका, दुर्बिणीनं तपासून घ्या. अशांनी वर्षाला एकदा सोनोग्राफी आणि क्रिएटिनिन करावं. बायकांच्या बाबतीत फुग्यासकट नळी बाहेर पडू लागली तर मोठा फुगा भरू नये, त्यानं मूत्राशयाचं तोंड आणखी सैल होतं.

तुमच्या घरी फ्रिजवर लावायला हे लिहून ठेवा: तीन-चार तास बॅगेत थेंब नाही आणि ओटीपोट फुगलं, थंडी-ताप, रक्ताच्या गुठळ्या, कातडी मागे अडकून सूज, फुग्यासकट नळी ओढली गेली, माणूस भ्रमिष्ट. यांपैकी एक जरी झालं तरी कंपाउंडरची वाट न पाहता दवाखाना, गाडी नसेल तर १०८.

दवाखान्यात जाताना खुब्याच्या ऑपरेशनचा डिस्चार्ज कागद, सोनोग्राफी, नळ्यांच्या तारखांची वही आणि अँटिबायोटिकची नावं सोबत न्या. निघायच्या आदल्या दिवशी सासऱ्यांशी बोला. ‘नळी काढून बघायची, जमलं नाही तर परत घालावी लागेल, चालेल ना?’ असं त्यांनाच विचारा. तुमचं पत्र दोनदा वाचलं. नळीबद्दल त्यांचं स्वतःचं काय म्हणणं आहे, ते त्यात कुठंच सापडलं नाही.